तीच घार, तेच आभाळ

औरंगाबादला आठवडाभर राहून वेरूळ न पाहता परत आलेली पुण्यातली मी बहुधा एकटीच बाई असेन. अजिंठाही पाहिलं नाही. बीबी का मकबरा दिसला, पण धावत्या रिक्षातून आणि पाठीमागून. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मग तिथं जाऊन पाहिलंस तरी काय?" मी सांगते, आभाळ. लोक हसतात. ते आभाळसुद्धा एकच होतं आणि मला पुन्हा पुन्हा तेच दाखवलं जात होतं, हे त्यांना कसं समजावणार?

आधी कामाचं सांगते, म्हणजे पुढचा वैताग समजेल. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरचं काम करते. आभाळात ढग किती आणि कसले, हे आजही माणूसच गच्चीवर जाऊन, मान वर करून ठरवतो. मनातल्या मनात आभाळाचे आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकलेत ते लिहायचं. आठातले शून्य म्हणजे निरभ्र, आठातले आठ म्हणजे गच्च भरलेलं. अशी सराईत माणसं सगळीकडे मिळत नाहीत, म्हणून नुसता फोटो पाहून मशीनलाच हे सांगता यावं, यासाठी मी तीन वर्षं डोकेफोड करत होते. न्यूरल नेटवर्क नावाचा प्रकार तेव्हा आमच्याकडे नवाच होता. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याची ती एक ढोबळ नक्कल. या जाळ्याला नियम सांगायचे नसतात, नुसती उदाहरणं दाखवायची. हा फोटो, हे उत्तर. पुढचा फोटो, पुढचं उत्तर. हजारो वेळा दाखवलं की ते आपलं आपण शिकतं. नेमकं काय शिकलं, ते मात्र कुणाला सांगत नाही.

माझी उदाहरणं औरंगाबादची होती. तिथल्या आमच्या केंद्रावरचे निरीक्षक खंडू तांगडे सोळा-सतरा वर्षं रोज तीनदा आभाळाचा फोटो काढून, त्याच्या मागे पेन्सिलीनं नोंद करून, महिन्याच्या महिन्याला गठ्ठा पुण्याला पाठवत होते. एवढा नियमित साठा दुसऱ्या कुठल्याच केंद्राकडे नाही, असं आमचे साहेब अभिमानानं सांगायचे. जाळं त्यावर शिकलं आणि चांगलं शिकलं. निरभ्र आभाळ ओळखण्यात तर ते एकदाही चुकलं नाही. आता शेवटची परीक्षा उरली होती. औरंगाबादला जाऊन, ताज्या फोटोंवर आठवडाभर मशीन चालवायचं आणि पुढच्या सोमवारी समितीला निकाल दाखवायचे. पास झालं तर काम पुढं चालू. नाहीतर काम बंद आणि मी लायब्ररीच्या पुस्तकांच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायला मोकळी. साहेबांनी हे मला दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा हसत ऐकवलं, ते जास्त लागलं.

सोमवार. टीव्ही नव्हे

एसटीच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते, की कॉम्प्युटरचा मॉनिटर मी पुण्यापासून मांडीवर घेऊन आले. कंडक्टर, शेजारची बाई, हमाल, लॉजचा मॅनेजर, सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. टीव्ही केवढ्याचा? टीव्ही नाही म्हटलं की चेहऱ्यावर अशी निराशा, जणू मी त्यांना फसवलं. मॅनेजरनं तर खोलीपर्यंत येऊन खात्री करून घेतली.

केंद्र शहराच्या उत्तर अंगाला, जळगाव रस्त्याकडच्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर तो म्हणाला, "विद्यापीठाच्या रोडनं घेऊ का?" नुसतं विद्यापीठ. नामांतर होऊन फार दिवस झाले नव्हते. आठवडाभर मी पाहत होते, लोक समोरचा कोण आहे याचा अंदाज घेऊन मगच जुनं की नवं नाव घ्यायचे, आणि अंदाज आला नाही तर नुसतं विद्यापीठ म्हणून मोकळे व्हायचे. पुण्यात आम्ही समोरच्याला न विचारता आपलं मत सांगून टाकतो. इथली पद्धत बरी की आमची, ते मला ठरवता आलं नाही.

गच्चीवर एक खोली, खोलीत एक टेबल, भिंतीला नोंदवह्यांची चळत. खंडूमामा दारात उभे होते. साठीला टेकलेले, पांढरी टोपी, अंगानं काटक. माझ्याकडे पाहण्याआधी त्यांनी एकदा वर पाहून घेतलं. ही सवय मला पुढे रोज दिसली. कुणी हाक मारली तरी माणूस आधी आभाळाकडे बघायचा.

"या ताई. जड हाय का? टीव्ही आणला व्हय?"

मी मॉनिटर टेबलावर ठेवला.

मामा फुलंब्रीकडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. "मेंढरामागं बसल्यावर दुसरं काय बघायचं? खाली मेंढरं, वर आभाळ. मेंढरं सुटली, आभाळ तेवढं राह्यलं बघा." त्यांची दोन्ही मुलं आता कंपनीत होती. गच्चीवरून पूर्वेला चिकलठाण्याची शेड आणि धुराडी दिसत, दुपारी शिफ्ट सुटल्याचा भोंगा ऐकू येई आणि खालून कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक जात. वाळूजकडे तर याहून जास्त पसारा, असं मामा सांगत होते. एवढे कारखाने असलेल्या गावात लाईट मात्र दुपारी बारा ते चार नव्हती. कधी येईल म्हणून विचारलं की जो तो म्हणे, "आत्ता येतीय की." पुण्यात वायरमन तोंडावर सांगतो, आज विसरा. इथं कुणी नाही म्हणत नाही, लाईट तेवढी येत नाही.

चारनंतर मशीन सुरू झालं. मामांनी दिवसाचे तीन फोटो पुढे केले. औरंगपुऱ्यातल्या एका स्टुडिओतून त्यांनी ते करून आणले होते. बाहेर मार्चचं लख्ख आभाळ. फोटो मशीनमध्ये घातले. पडद्यावर उत्तर आलं, निरभ्र, आठातले शून्य. तिन्ही वेळा. मी आनंदानं टाळी वाजवली. मामांना त्यात टाळी वाजवण्यासारखं काय, ते कळलं नाही.

"मोकळंच हाय की आभाळ. त्याला मशीन कशाला लागतंय?"

मंगळवार. येसर

मंगळवारीही तिन्ही उत्तरं बरोबर. मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "वा! मी म्हटलंच होतं." म्हटलेलं मुळीच नव्हतं, पण त्या दिवशी मी भांडायच्या मनःस्थितीत नव्हते.

या आठवड्यात जेवढा वेळ मी मनापासून सुखात होते, तो मंगळवारच्या जेवणाचा. औरंगपुऱ्यातल्या एका खानावळीत भाकरीबरोबर येसर आमटी मिळाली. भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ करून ठेवतात, त्याची ही आमटी. आमच्या घरी आमटीत गुळाचा खडा पडला नाही तर आईला चुकल्यासारखं वाटतं. ही पहिल्या घासाला नाकातून धूर काढणारी होती. डोळ्यांतून पाणी गाळत मी तिसरी वाटी मागितली तेव्हा वाढणारी बाई म्हणाली, "लई तिखट लागली का? दही देऊ?" दही नको म्हणाले. पुण्याची अब्रू माझ्यावर होती.

निघताना मामांनी सांगितलं, की बुधवारी ते नसतील. नातवाचं जावळ होतं. "आभाळाचं काय काळजी करू नका, मोकळंच राहील. फोटोचं बी बघून ठेवलंय." हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं, तर पुढचा दीड दिवस वाचला असता.

बुधवार आणि अर्धा गुरुवार

बुधवारी मी स्वतः फोटो काढले. मामांचा कॅमेरा, मामांची ठरलेली जागा, कठड्यावरच्या पांढऱ्या खुणेशी टेकवून. आभाळात बोटभरही ढग नाही. दुपारी रिक्षा करून औरंगपुऱ्यात करीमभाईंच्या स्टुडिओत गेले. करीमभाई मूळचे सिल्लोडचे, जाडजूड भिंगांचा चष्मा, तोंडात पान. त्यांनी रोल हातात घेऊन मला विचारलं, "साफ आसमान का नया फोटो कायकू, मॅडम? खंडूभाऊ कुछ बोले नहीं?"

मला वाटलं, माणसाला बोलायची हौस आहे. मी घाईत होते. "तुम्ही धुवा हो," म्हटलं.

संध्याकाळी पहिला फोटो मशीनमध्ये घातला. पडद्यावर आलं, ढगाळ, आठातले सहा.

मी पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर निळं कोरडं ठणठणीत आभाळ. दुसरा फोटो. आठातले सहा. तिसरा. आठातले सात! स्कॅनर पुसला. स्टॅबिलायझर बदलला. खालच्या दुकानदाराकडून पंखा आणून मशीनवर सोडला, कदाचित तापलं असेल म्हणून. गुरुवारी सकाळी पुन्हा नवा फोटो, पुन्हा करीमभाई, पुन्हा ढगाळ. माझी तीन वर्षं डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती आणि कारण सापडत नव्हतं. तेवढ्यात लाईट गेली. त्या क्षणी मी त्या मॉनिटरला जे काही बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अकराच्या सुमाराला मामा जावळाचे पेढे घेऊन आले. माझा अवतार पाहून घाबरले. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "पण ताई, बुधवारचं पाकीट तर मी खणात ठेवलं व्हतं. ते नाय लावलं व्हय?"

"कसलं पाकीट?"

त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत पाकीट, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, बुधवार. पाकिटात तीन फोटो. मागे नोंदीची जागा कोरी ठेवलेली. बुधवारचे फोटो मंगळवारीच तयार होते.

 मी सोमवारचे, मंगळवारचे आणि हे, असे नऊच्या नऊ फोटो टेबलावर एका रांगेत मांडले. काही गडद, काही फिके, एक डावीकडून किंचित कापलेला. आणि प्रत्येकाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, कठड्यापासून तेवढ्याच अंतरावर, पंख तसेच तिरपे करून एक घार.

"मामा, ही..."

"व्हय. तीच घार." त्यांच्या आवाजात लपवाछपवीचा मागमूस नव्हता. "करीमभाईकडं तिची निगेटिव्ह हाय. मोकळं आभाळ असलं की त्याच्यातनंच फोटो काढायचा. ढग असले की मी नवा काढतो. ढगाचे समदे खरे हायेत, ताई. नोंदी तर समद्याच खऱ्या. डोळ्यानं बघितल्याबिगर मी एक आकडा लिहिला नाय."

सोळा वर्षं. औरंगाबादला पावसाळा सोडला तर आभाळ मोकळंच. म्हणजे माझ्या जाळ्यानं निरभ्र आभाळ म्हणून हजारो वेळा ही एकच घार पाहिली होती. घार दिसली की निरभ्र, नाही दिसली की ढग. ते आभाळ शिकलंच नव्हतं, ते पक्षी ओळखायला शिकलं होतं. मला मामांचा राग आला, मशीनचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. कारण ते फोटो माझ्याच हातांखालून गेले होते. ढगांचे मी निरखून पाहिले होते. मोकळ्या आभाळाकडे कोण निरखून बघतं?

"पण का, मामा? इतकी वर्षं? कुणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"तुमच्याच हापिसानं," ते म्हणाले. "पत्र हाय माझ्याकडं."

पत्र एका जुन्या नोंदवहीत घडी घालून ठेवलेलं होतं. टाईप केलेलं, आमच्याच संस्थेच्या एका जुन्या अधिकाऱ्याचं. सोबत परत पाठवलेले फोटो जोडले असल्याचा उल्लेख. आभाळाखेरीज इतर काही दिसणारे फोटो पाठवू नयेत, निरभ्र आभाळाचा स्वच्छ फोटो पाठवावा, असं त्यात होतं.

"म्हून एक स्वच्छ काढला," मामा म्हणाले. "तो त्यांना पसंत पडला. दुसरं पत्र आलं नाय की आता थांबवा म्हून. मग मी कसा थांबवणार?"

सरकारी हुकूम दुसऱ्या हुकमानं रद्द होईपर्यंत चालू असतो, हे खरंच. पण तो असा सोळा वर्षं पाळणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. मी कपाळावर हात मारून घेतला आणि मग विचारलं, की परत आलेल्या फोटोंत आभाळाखेरीज काय दिसत होतं.

मामांनी आधी खिडकीतून वर पाहिलं. "करीमभाईकडं जाऊ उद्या," एवढंच म्हणाले.

शुक्रवार. औरंगपुरा

औरंगपुऱ्याच्या गल्लीत सकाळीसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. दोन स्कूटर आणि एक गाढव यांच्यामधून आम्ही स्टुडिओत शिरलो. करीमभाईंनी मामांना पाहताच पान थुंकून टाकलं आणि न विचारता आतून एक पत्र्याचा डबा आणला. वर घारीची निगेटिव्ह, वापरून वापरून चरे पडलेली. खाली मळकट पाकिटांत दुसऱ्या काही पट्ट्या.

"ये मैं फेका नहीं, मॅडम," करीमभाई म्हणाले. "खंडूभाऊ बोले, रख. मैं रखा. सोला साल हो गए, कोई पूछने आया नहीं."

त्यांनी दोन पट्ट्यांचे फोटो करून दिले. ओलेच हातात घेतले. तीच गच्ची, तोच कठडा, आभाळ अगदी निरभ्र. फक्त उत्तरेला, घरांच्या पलीकडे, क्षितिजावरून एक जाड काळपट लोट वर चढलेला. दुसऱ्या फोटोत दोन.

"नामांतराचं पेटलं तवाचं हाय हे," मामा म्हणाले. "विद्यापीठाला नाव द्यायचं ठरलं आन् गावोगाव दलितांची घरं जाळली. फुलंब्रीच्या वाटंवर एक वस्ती व्हती. सकाळी साडेआठचा फोटो घ्यायला वर गेलो तर हे. मी काय, रोजच्यासारखा फोटो घेतला. मागं लिहिलं, आभाळ निरभ्र, उत्तरेला धूर. खाली वस्ती हाय, हे बी लिहिलं. त्या वस्तीवरचा किसन माझ्यासंगं मेंढरं राखायचा. आठ दिवस असे फोटो पाठवले. मला वाटलं, पुण्यातले मोठे लोक बघतील, कुणाला तरी कळवतील. तर पत्र आलं, स्वच्छ पाठवा."

करीमभाईंनी चष्मा काढून पुसला.  काल मामांचा आलेला राग आठवून मला फार लाज वाटली.

गच्चीवर परत येऊन मी तो फोटो मशीनला दाखवला. का दाखवला ते मलाही सांगता येणार नाही. पडद्यावर उत्तर आलं, ढग, आठातले सात.

मामा वाकून पडद्याकडे पाहत होते. "ढग नाय हो ताई. ढगाचं बूड वर आभाळात असतंय. ह्याचं बूड जमिनीला टेकलंय, दिसत नाय का त्याला?"

नव्हतं दिसत. त्याला तसं कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

शनिवार. फुलंब्रीच्या वाटेवर

शनिवारी मामांच्या घरी जेवायला जायचं ठरलं होतं. वाटेत त्यांनी जीप थांबवली. रस्त्याच्या कडेला तारेचं कुंपण, आत एक लांबच लांब गोदाम, फाटकावर साखळी. वस्ती इथं होती म्हणे. एक लिंबाचं झाड आणि एका बाजूला बुजलेली विहीर, एवढ्यावरून मामांनी ती मला दाखवली. कुणाचं घर कुठं होतं, ते त्यांना पाठ होतं. किसन त्या दिवशी बायको-मुलांना घेऊन निघून गेला तो परत आला नाही. कुठं आहे, आहे की नाही, मामांना माहीत नव्हतं.

"तुमच्या घरचे तेव्हा कुठं होते?" मी विचारलं.

"घरीच. दारं लावून." थोडं थांबून ते म्हणाले, "मी बी गच्चीवरच व्हतो, ताई. फोटो काढत व्हतो. दुसरं काय केलं मी?"

ते जीपकडे वळले आणि मी त्यांच्या मागे. 

मामांच्या सुनेनं धपाटे केले होते. सोबत दही आणि लसणाची चटणी. जावळ झालेला नातू टक्कल घेऊन अंगणात फिरत होता. सुनेनं विचारलं, "वेरूळ बघितलं का ताई?" नाही म्हटल्यावर तिला माझी कीव आली आणि तिनं आणखी एक धपाटा वाढला.

तिथल्या एसटीडी बूथवरून साहेबांना फोन लावला. काचेच्या पेटीत भट्टीसारखं तापलेलं, बाहेर एक गृहस्थ दर मिनिटाला काचेवर टकटक करत होते. मी ओरडून सगळं सांगितलं. घार, पत्र, धूर.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोमवार-मंगळवारचे निकाल तर उत्तम आहेत ना?"

"अहो साहेब, ते घारीचे आहेत!"

"ते समितीला कुठं माहीत आहे? सहापैकी सहा. तेवढेच मांडा. बाकी दिवस लाईट नव्हती म्हणू, ते खोटंही नाही. पुढच्या वर्षात जाळं सुधारून घ्या. तांगडेंचीही नोकरी वर्षभरच राहिलीय, त्यांना कशाला अडचणीत आणता?"

"आणि ते धुराचे फोटो?"

"ते राहू द्या हो. स्वच्छ तेवढं आणा. आपल्याला आभाळाशी मतलब."

काचेवर पुन्हा टकटक झाली. मी फोन ठेवला. हेच वाक्य सोळा वर्षांपूर्वी टाईप करून आलं होतं, मला फोनवर ऐकायला मिळालं, एवढाच फरक. खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. याद्यांचं काम मला माहीत आहे. लेखक, शीर्षक, क्रमांक, पुढचं पुस्तक. तीन वर्षं मी ज्याच्यासाठी घासली होती ते एका कागदावर वाचण्यासारखं होतं, आणि त्यासाठी मला काही करायचंही नव्हतं. नुसतं थोडं कमी सांगायचं होतं.

बाहेर येऊन मामांना साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या नोकरीचंही सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं आधी वर पाहिलं.

"मला एकदा स्वच्छ पाठवा म्हनले आन् मी पाठवलं," ते म्हणाले. "तवापासनं हर मोकळ्या दिवशी तीनदा पाठवतोय. तुमचं तुम्ही बघा, ताई."

मी पिशवीतून धुराचा फोटो काढला, उलटा केला आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. मांडीवर ठेवून, पत्रासकट मी सोबत घेतलेली ती जुनी नोंदवही उघडून, त्यांनी तारीख, वेळ आणि नोंद होती तशी उतरवली. खाली सही केली.

पुणे

समितीसमोर मी निकाल मांडले ते सगळेच. सहा बरोबर, ते कशामुळे बरोबर. उरलेले चूक, ते कशामुळे चूक. घार दाखवली तेव्हा दोघंतिघं मोठ्यानं हसले. साहेब टेबलाखाली पाय हलवत होते. शेवटी धुराचा फोटो ठेवला आणि सांगितलं, की मशीननं याला ढग म्हटलं.

अध्यक्ष वयस्कर होते. ते म्हणाले, "कारखान्याचा धूर असेल."

"तेव्हा त्या बाजूला एकही कारखाना नव्हता, सर. मागे वाचा."

त्यांनी फोटो उलटा केला. वाचला. पुन्हा सरळ करून पाहिला. आता कुणी हसत नव्हतं.

"ही नोंद इतकी वर्षं होती कुठं?" त्यांनी विचारलं.

"आपल्याकडेच आली होती," मी म्हटलं. "आपण परत पाठवली."

काम बंद झालं. खरं सांगितलं म्हणून ते वाचलं, असं काही झालं नाही. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात. हे लिहिते आहे तेव्हा टेबलावर लायब्ररीची 'क' ची यादी अर्धवट पडली आहे आणि त्या कामाचा मला पहिल्या दिवसाइतकाच कंटाळा आहे. मामांची नोकरी मात्र शाबूत आहे. त्यांना संस्थेचं दुसरं पत्र गेलं. मी ते टाईप केलं आणि अध्यक्षांनी त्यावर सही केली. प्रत्येक वेळी नवा फोटो काढावा आणि जे दिसेल ते लिहावं, एवढंच त्यात होतं.

गेल्या आठवड्यात औरंगाबादचा महिन्याचा गठ्ठा आला. आता तो बघायचं काम कुणाचंच नाही, म्हणून मी घरी आणला आणि एकेक फोटो निरखून पाहिला. नव्वदच्या वर मोकळी आभाळं, एकही दुसऱ्यासारखं नाही. कुठं कठड्यावर कबुतर, कुठं चिकलठाण्याच्या बाजूला धुराड्याची रेघ आणि मागे तशी नोंद. उत्तरेची बाजू सगळ्या फोटोंत कोरी आहे. तरी प्रत्येकाच्या मागे मामांनी पेन्सिलीनं, त्याच अक्षरात, न चुकता लिहिलं आहे: आठातले शून्य. उत्तरेला धूर नाही.